हॉबर्टला माइक पसंत पडेना

माझ्या धाकट्या बहिणीच्या स्वयंपाकघरात त्या दिवशी घेवड्याचं पातेलं टेकवायला टेबलावर वीतभर जागा नव्हती. पातेलं गरम, फडकं हातातून सुटतंय, आणि टेबलभर मांडून ठेवलंय काय, तर माइक! जुने, जड, कुणाकुणाच्या तोंडासमोर आयुष्य काढलेले. त्यांच्यासमोर हॉबर्ट, म्हणजे माझ्या बहिणीचा नवरा, हनुवटी मुठीवर टेकवून बसलेला.

"उचल ही भातुकली," मी म्हटलं, "नाहीतर पातेलं तुझ्या मांडीवर ठेवते."

"हलवू नकोस, ऑपल! लावून ठेवलेत मी. डावीकडचे बरे, उजवीकडचे टाकाऊ." मग त्याने जरा वेळ दोन्हीकडे पाहिलं. "का उजवीकडचे बरे होते?"

तेव्हा माझ्या तोंडात जे आलं होतं ते बोलले असते, तर पुढच्या रविवारी चर्चमध्ये कुणी मला शेजारी बसू दिलं नसतं. पातेलं मी परत शेगडीवर ठेवलं आणि आम्ही तिघं उभ्याउभ्याच जेवलो.

हसण्यासारखं वाटतं ना? मला नव्हतं हसू येत. माझ्या बहिणीच्या, आल्टाच्या, घशात गाठ निघाली होती. लेक्सिंग्टनच्या डॉक्टरने आडपडदा न ठेवता सांगितलं की गाठ आवाजाच्या पेटीला चिकटलीय, पेटीसकट काढावी लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल, आणि गेला तो गेला. तारीख महिन्याभराने दिली. परतीच्या वाटेवर कॅम्पटन मागे पडलं, आपले डोंगर दोन्ही बाजूंनी उभे राहिले, तेव्हा हॉबर्ट रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "तुझं गाणं भरून ठेवू टेपवर. ऑपरेशनच्या आधी. दुसरं काही हातात नाही आपल्या, तेवढं तरी करू."

"बरं," आल्टा म्हणाली.

मी मागच्या सीटवर होते. मला वाटलं, चला, एका दुपारचं काम आहे. काय माझी अक्कल! एका दुपारचं काम हॉबर्टने जन्मात कधी एका दुपारी उरकलेलं नाही.

हॉबर्ट कॉडिल आमच्याच खोऱ्यातला, वरच्या अंगाचा, जिथे ओढा लहान मुलाला उडी मारून ओलांडता येतो. कोळशाच्या खाणीत यंत्रांच्या दुरुस्तीला होता. खाण बंद पडली तसा घरामागच्या शेडमध्ये करवतींना धार लावायला बसला. हाताला गुण आहे त्याच्या. लांबलांबच्या खोऱ्यांतून माणसं करवती घेऊन येतात, ओसरीवर ताक पीत थांबतात आणि धार लावून घेऊन जातात. स्वभावाने गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण दोनातलं एक निवड म्हटलं की गडी गारद. तरुणपणी आमच्या ओसरीवर येऊन बसायचा, तेव्हा आम्हा दोघी बहिणींपैकी नेमका कुणासाठी येतो हे अख्खा उन्हाळा गेला तरी कळेना. शेवटी आमचे वडील बाहेर गेले आणि म्हणाले, "पोरा, एकीचं नाव घे, नाहीतर दुसऱ्याची ओसरी बघ." त्याने आल्टाचं नाव घेतलं. मी सुटले, असं मी तेव्हापासून सगळ्यांना सांगत आलेय, आणि त्यातलं बरंचसं खरंही आहे.

त्याच्या कुत्र्याला अजून नाव नाही. सुचली पुष्कळ, ठरलं एकही नाही. नुसतं "ए" म्हटलं की बिचारा शेपूट हलवत येतो.

तर माइकची गोष्ट. पहिला माइक आला आमच्या भाचीचा, ट्रेव्हाचा. नवा कोरा, शहरातला, मखमलीच्या पेटीत झोपवलेला. आल्टाला स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवलं, तिने एक कडवं म्हटलं आणि मग टेपरेकॉर्डरवर टेप लावून बघितली. अरे देवा! फ्रीज घुरघुरतोय, कुत्रा ओसरीवर कान खाजवतोय, ओढा वाहतोय, खालच्या रस्त्यावर कोळशाचा ट्रक गिअर बदलतोय, आणि माझी खुर्ची तर असली कुरकुरतेय की मला लाज वाटली. ह्या सगळ्यांच्या गर्दीत कुठेतरी आल्टा.

"हे तर सगळं खोरं गातंय," आल्टा म्हणाली आणि हसता हसता खोकली. तिचं खोकणं ऐकून हॉबर्टचा चेहरा उतरला.

शनिवारी तो डॉइलकडे गेला. हॅझर्डच्या वाटेवर जुना बाजार भरतो, तिथे डॉइल एका फळीवर बंद पडलेल्या रेडिओ केंद्रांचं, शाळांचं, कोर्टाचं सामान मांडून बसतो. मीही गेले होते, मला बरण्यांची झाकणं हवी होती. डॉइलने सगळं ऐकून घेतलं आणि तंबाखू गालात सारून म्हणाला, "तुला जुना माइक पाहिजे. आतमध्ये काय, एक पातळ पडदा, त्याला चिकटलेलं तारेचं वेटोळं, मागे लोहचुंबक. झालं. समोर बोललास की पडदा हलतो, पडदा हलला की मशीनला कळतं. पण प्राणी आळशी. तोंड अगदी जवळ आणलंस तरच ऐकणार. लांबचं ऐकायची तसदी घेत नाही. तुझा फ्रीज, तुझा कुत्रा, सगळ्यांची कटकट गेली."

"माझा नवरा, देव त्याला शांती देवो, अगदी असाच होता," मी म्हटलं.

हॉबर्टला हायसं वाटलं. पण डॉइलकडे काय एक का माइक होता? फळीभर पडलेले. "हा बायकांच्या आवाजाला बरा," डॉइल सांगत होता. "हा पाद्र्यांच्या ओरडण्याला. हा मऊ. हा कडक. हा पुरात सापडला होता, तरी बोलतो." एक राखाडी, दांड्यासारखा माइक उचलून त्याने त्याच्याच बुडाने फळीत खिळा ठोकून दाखवला. तेवढ्यात बँजो वाजवणारा एक उंच माणूस आडवा आला. "तो नको घेऊस, नाकात बोलतो तो."

"तू नाकात गातोस म्हणून तो नाकात बोलतो!" डॉइल खवळला.

ते दोघं भांडत राहिले आणि हॉबर्ट मधे उभा राहून एकदा ह्याच्याकडे, एकदा त्याच्याकडे मान डोलावत राहिला. शेवटी धूर दिलेली डुकराची एक मांडी देऊन दोन माइक घेऊन आला. पुढच्या शनिवारी आणखी घेतले, डॉइलच्या करवतींना धार लावून देण्याच्या बोलीवर. मग कुणीतरी सांगितलं की पलीकडच्या गावात शाळेची इमारत पाडतायत, तिथून एक आणला. जुन्या ट्रकच्या तोंडासारखा, चकचकीत पट्ट्यांचा. तो इतका देखणा होता की मला वाटलं, बास, हाच.

आता ह्या जुन्या माइकांचे नखरे ऐका. ह्याला वायर आखूडच पाहिजे, लांब असली की आवाज मरतो. त्याला लांब चालते, पण मधे एक डबी जोडावी लागते. ह्याच्या पोटात स्पंज असतो, तो कुजून त्याचा भुगा झालेला असतो, तो झटकून टाक. आणि त्याच्या पोटातला भुगा मात्र झटकू नकोस, झटकलास तर बिघडतो. हे सांगणारी माणसं तरी एक असावीत! डॉइल एक सांगे, ट्रेव्हा फोनवर दुसरं सांगे, पोस्टातला माणूस सैन्यात वायरलेसवर होता, तो तिसरंच. हॉबर्ट सगळ्यांचं ऐकायचा आणि सगळ्यांना "खरं आहे" म्हणायचा.

आणि रोज दुपारी आल्टा त्या खुर्चीत. पाठ ताठ, हात मांडीवर, माइक ओठांपासून चार बोटांवर. हॉबर्ट बटण दाबून मान हलवायचा आणि ती एक कडवं म्हणायची. मग दोघं मशीनपाशी वाकून ऐकायची. मी बटाटे सोलत ऐकायचे.

"नाही," हॉबर्ट म्हणायचा. "ही आल्टा नाही."

"मग कोण आहे?" आल्टा विचारायची.

"तेच कळत नाही ना."

मला वाटलं, झाली ह्याची नाटकं सुरू. पण मीही कान देऊन ऐकलं, आणि खरं सांगते, मलाही ती आल्टा वाटेना. चकचकीत माइकमध्ये ती कुणी शाळेची बाई वाटायची. राखाडीमध्ये सर्दी झाल्यासारखी. आणखी एक बसका माइक होता, त्यात गोधडीतून बोलल्यासारखी. शब्द तिचे, खोकला तिचा, पण गाणं परकं. समोर बसलेली बाई आणि मशीनमधली बाई एकच आहे हे माहीत असूनसुद्धा माझं मन ते घेईना. म्हणजे माइक वाईट होते? का आमचे कान बिघडले होते? का तिच्या घशातल्या त्या मेल्या गाठीने आवाज आधीच नेला होता? ही तिसरी शंका कुणी तोंडाने बोललं नाही, पण आम्ही तिघंही तिच्याभोवतीच फिरत होतो.

त्यातच चकचकीत माइकचं मातेरं झालं. हॉबर्टने तो शेडमध्ये नेला, कामाच्या टेबलावर ठेवला आणि शेजारीच एका करवतीचे दात घासत बसला. आतमध्ये लोहचुंबक आहे हे डॉइलने त्याला सांगितलेलं होतं. पण आयुष्यभर लोखंडाचा कीस ज्याच्या भाकरीतसुद्धा असतो, त्याला त्या किसाचं काय कौतुक? संध्याकाळी उचलला तर माइकच्या जाळीला काळी मिशी फुटलेली. ब्रशने झाडली, फुंकर मारली, उलटा करून आपटला. कीस गेला तो आणखी आत. त्यानंतर त्या माइकमधून आल्टा गायली की कढईत काहीतरी तडतडतंय असं वाटायचं.

"एकच बरा होता," हॉबर्ट म्हणाला, "तोही मी घालवला."

"काल तू त्याला टाकाऊ म्हणालास!"

"काल मला कळलं नव्हतं."

मी कपाळावर हात मारून घेतला.

एक दिवस मी त्याला म्हटलं, "अरे, चर्चमध्ये दर रविवारी निम्मे लोक टेपरेकॉर्डर आणतात. त्यांच्याकडून घे की एखादी कॅसेट."

"ऐकल्या," तो म्हणाला. "सगळ्या ऐकल्या. मशीनं पुढे उपदेशकांच्या पायाशी ठेवलेली असतात. त्यांचेच गळे भरलेत. आल्टा सापडत नाही त्यात. आणि मला इतर कुणी नकोच आहे, ऑपल. मला तिचा एकटीचा आवाज पाहिजे, स्वच्छ."

हे मला पटलं. पटायला नको होतं, पण पटलं. आणि आल्टा? रोज त्या खुर्चीत जाऊन बसायची, कारण तो ये म्हणायचा. पण तिसऱ्या आठवड्यात दुपारनंतर तिचा आवाज चिरकायला लागला. एका दुपारी कडव्याच्या अर्ध्यात तो तुटलाच. ती थांबली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "हॉबर्ट, कुठला का असेना, आता एक ठरव."

त्याने एक माइक उचलला, परत ठेवला, दुसरा उचलला. माझं डोकं फिरलं. "अरे, आवाज चाललाय तिचा! तू काय कापड निवडतोयस का? उचल एक आणि कर सुरू!"

"कुठला उचलू?" तो एकदम ओरडला. हॉबर्टला ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकलं. "सांग ना कुठला! सगळ्यांत कुणीतरी दुसरीच बाई आहे. ती मी ठेवून घेऊ आणि पुढे जन्मभर ऐकू? मला कळत नाहीये, ऑपल. मला काहीच कळत नाहीये."

आणि तो शेडमध्ये निघून गेला. आल्टाने माझ्याकडे असं पाहिलं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोन दिवसांनी लेक्सिंग्टनहून फोन आला. गाठ वाट बघणारी नाही, डॉक्टरला आधीची वेळ मिळालीय, येत्या मंगळवारीच या. हातात उरला एक शनिवार आणि एक रविवार.

शनिवारी दुपारी मंडळी घरी आली. आमच्यात कुणी असं ऑपरेशनला निघालं की चर्चमधली माणसं पातेली घेऊन येतात, प्रार्थना करतात, गातात, जेवतात आणि जातात. ब्रदर एल्झी आमचे उपदेशक, वयाने थकलेले पण गळा अजून खणखणीत. बाहेरच्या खोलीत सगळे खुर्च्या ओढून बसले, आल्टा त्यांच्यात. मी मक्याचा पाव भाजायला टाकला होता म्हणून स्वयंपाकघरात. आणि हॉबर्ट मागच्या दारात, अर्धा ओसरीवर, अर्धा आत.

तो कधीच पुढे बसत नाही. हॉबर्ट आमच्या चर्चचा सभासद नाही. आमच्यात आतून हाक आल्याशिवाय कुणी बाप्तिस्म्यासाठी पाण्यात उतरत नाही, आणि हॉबर्टला हाक आली की नाही आली, हेच त्याचं अजून ठरत नाही. असे पुरुष आमच्याकडे बरेच आहेत. ते दर रविवारी येतात आणि दारापाशी सगळ्यात मागच्या बाकावर बसतात. सभासद पुढे, उपदेशकांच्या जवळ. लग्न झाल्यापासून आल्टा पुढे आणि हॉबर्ट मागे. मागचे पुरुषही गातात, पण हॉबर्ट नाही. त्याचं म्हणणं, मनातून खरं वाटल्याशिवाय तोंड कशाला उघडायचं. इतक्या वर्षांत त्याच्या गळ्यातून एक सूर कुणी ऐकलेला नाही.

आत ब्रदर एल्झींनी पहिली ओळ दिली. आमचं गाणं असंच असतं. एकाने ओळ भरभर म्हणायची, आणि मग सगळ्यांनी तीच ओळ उचलून लांबवत लांबवत न्यायची, ज्याला जसं जमेल तसं, वर, खाली, वळणं घेत. पेटी नाही, तंतुवाद्य नाही. ओळ उचलली गेली आणि त्या सगळ्या आवाजांच्या वर एक आवाज चढला. जरा उशिरा चढला, जरा थरथरला, आणि मग तिथेच थांबून राहिला.

माझ्या हातातून चमचा पडला. ती आल्टा होती. माझी आल्टा. तीन आठवडे जी कुठल्याच माइकमध्ये सापडली नव्हती ती तिथे भिंतीपलीकडे चक्क गात होती.

मी वळून पाहिलं तर हॉबर्टने दाराची चौकट घट्ट धरलेली. तोंड उघडं. "ऑपल," तो म्हणाला, "ऐकतेस ना?"

"ऐकतेय."

"अगं, मी तिला एकटीला बसवलं! आणि माइक ओठांपाशी! मी कधी होतो का तिच्या ओठांपाशी ती गात असताना? मी कायम तिथे मागे, दाराजवळ!" तो हसत होता का रडत होता, सांगता येणार नाही. "आणि एकटी ती कधी गायलीच नाही. कधीच नाही. तूच सांग, तू ऐकलंयस?"

मी आठवून पाहिलं. नव्हतं ऐकलं. सख्खी बहीण माझी, एका अंथरुणात वाढलो, पण गाणं आमच्या घरात कुणी भांडी घासताना म्हटलंच नाही. आमची आई म्हणायची, गाणं ही सगळ्यांनी मिळून उचलायची गोष्ट आहे. जिने जन्मात एकटीने गाणं म्हटलं नाही तिला आम्ही खुर्चीत बसवून लोखंडाच्या तुकड्यापुढे गायला लावत होतो, आणि वर माइकला नावं ठेवत होतो. तीन आठवडे! मला स्वतःचीच इतकी चीड आली की पाव करपला तरी कळलं नाही.

रविवारी सकाळी हॉबर्टने सगळे माइक एका खोक्यात भरून पिकअपमध्ये ठेवले. त्यातला कुठला, हे अजून ठरलं नव्हतंच. चर्चसमोर गाडी थांबली तरी तो खोक्यात हात घालून ह्याला चाचपतोय, त्याला चाचपतोय. आल्टाने शेवटी त्याचा हात बाजूला केला, न बघता खोक्यातून एक माइक काढला आणि त्याच्या खिशात कोंबला. राखाडी निघाला, खिळा ठोकायचा.

"हा नाकात बोलतो म्हणतात," हॉबर्ट म्हणाला.

"बोलू दे," आल्टा म्हणाली आणि आत गेली.

ब्रदर एल्झी दारात होते. हॉबर्टने चाचरत विचारलं, मागच्या बाकावर मशीन ठेवलं तर चालेल का. म्हातारबुवा म्हणाले, "बाक काही माझा नाही, बाबा. ठेव." त्याने मशीन बाकावर ठेवलं आणि माइक समोरच्या बाकाच्या पाठीला फडक्याने बांधून पुढे तोंड करून ठेवला. इतक्या लांबून तो आळशी माइक काय ऐकणार, ही धाकधूक त्याला होतीच. त्याने मशीनचं आवाज भरायचं बटण पार वरपर्यंत फिरवलं. मी पुढे जाऊन आल्टाशेजारी बसले.

त्या दिवशी ती जशी गायली तशी मी पुन्हा ऐकणार नाही. घसा दुखत होता तिचा, माझा हात तिने आवळून धरला होता, आणि तरी ती वर चढत गेली. दुसऱ्या ओळीला मागच्या बाजूला काहीतरी झालं. एक-दोन माना वळल्या. आल्टाच्या हाताला मला जरासा झटका जाणवला. मी मात्र मागे पाहिलं नाही, माझे डोळे भरून आले होते आणि ते कुणाला दाखवायची माझी तयारी नव्हती. गाणं संपल्यावर सगळ्यांनी आमच्या रीतीप्रमाणे एकमेकांचे हात हातात घेतले, आल्टाला मिठ्या मारल्या. मंगळवारी आम्ही लेक्सिंग्टनला गेलो. डॉक्टरने सांगितलं होतं तसंच झालं. जीव राहिला. आवाज गेला.

ती घरी आली तेव्हा गळ्याला भोक, त्यात नळी, श्वास तिथून. ओठ हलायचे, त्यातून काही यायचं नाही. अंगात ताकद येईपर्यंत हॉबर्टने टेपला हात लावला नाही. मीही विषय काढला नाही. मग एका दुपारी त्याने स्वतःच मशीन आणलं, तिच्या पलंगाशी ठेवलं आणि बटण दाबलं.

आधी नुसती खरखर. मग लांबून ब्रदर एल्झींची ओळ. मग सगळ्यांनी ती उचलली आणि वर, बारीक पण स्वच्छ, आल्टा. तीच. अगदी तीच! मी हॉबर्टच्या पाठीत धपाटा घातला. तो उजळला नुसता.

पण दुसरी ओळ आली आणि टेपमध्ये एकदम जवळ, कानाशी, एक पुरुष गायला लागला. गाणं कसलं, घोगरं, बेसूर, सगळ्यांच्या मागून धावणारं. श्वास तुटायचा, पुन्हा धरायचा. तो जवळचा म्हणून माइकने तेवढाच काय तो मन लावून ऐकला होता. आल्टाचा आवाज त्याच्याखाली पार झाकून गेला.

हॉबर्ट पांढराफटक पडला. त्याने झडप घालून मशीन बंद केलं. "हा मी आहे," तो म्हणाला. "ऑपल, हा मी आहे. मला कळलंच नाही मी गातोय. देवाशपथ मला कळलं नाही." तो खाली बसला. "एवढी एकच वेळ होती. आणि तीत मी माझा गाढवासारखा आवाज भरून ठेवला. तिला मी झाकून टाकलं."

त्याचे खांदे हलायला लागले.

आल्टाने हात लांब केला आणि बटण दाबून टेप मागे घेतली. पुन्हा लावली. पहिल्या ओळीला, जिथे ती एकटी वर होती, तिथे तिने खिडकीतून बाहेर पाहिलं. दुसऱ्या ओळीला ती मशीनकडे वाकली, अगदी कान लावून, आणि डोळे मिटून घेतले. ओळ संपली. तिने टेप मागे घेतली. पुन्हा तीच ओळ.

"तिथे नको थांबूस," हॉबर्ट नाक पुसत म्हणाला. "शेवटच्या कडव्याला मी गप्प झालो असेन, तिथे तुझा आवाज असेल, तिथे जाऊ." त्याने बटणाकडे हात नेला. आल्टाने फटकन त्याच्या हातावर चापट मारली आणि टेप मागे घेतली.

तो माझ्याकडे बघायला लागला. "ऑपल, ही काय ऐकतेय?"

"तुला ऐकतेय, गाढवा," मी म्हटलं. "दुसऱ्या कुणाला?"

"मला?" त्याने एकदा मशीनकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. "पण ही टेप तर तिच्या आवाजासाठी होती. मला कशाला?"

आल्टाचे गाल ओले झाले होते. तिने त्याची बाही धरून त्याला पलंगावर शेजारी बसवलं आणि टेप पुन्हा मागे घेतली.